गार अंगठ्याची हजेरी

ज्या माणसाला अख्खं ऑफिस 'नऊवाजे' म्हणायचं, त्या माणसाला लागोपाठ दोन दिवस पोचायला नऊ वाजून अकरा मिनिटं झाली. दोष बसचा होता. त्या थंडीत धुकंच असं पडायचं की आपण थांब्यावर आलोय हे बसला थांबा गेल्यावर कळायचं. पण लेटमार्क बसला लागत नाही, माणसाला लागतो. आणि तीन लेटमार्क झाले की एक रजा कापायची, असा त्या ऑफिसचा नियम होता.

नऊवाज्यांकडे बारा रजा शिल्लक होत्या. कोंबडी अंडी उबवते तशा त्या त्यांनी वर्षभर पोटाखाली धरून ठेवल्या होत्या. अंगात ताप असताना ऑफिसला गेले, दाढ काढली त्या दुपारी गेले, मेव्हण्याच्या लग्नातून अर्ध्यात उठून गेले. कारण थंडी सरता सरता लेक बाळंत व्हायची होती, दुसऱ्या गावी, आणि लेकीने फोनवर फार शांतपणे हिशेब मांडला होता.

"बाबा, माझा जन्म झाला तेव्हा तुम्ही ऑफिसात होतात. पाय मोडला तेव्हा ऑफिसात. बक्षीस मिळालं तेव्हा ऑफिसात. लग्नाला तेवढे होतात, कारण रविवार होता. ह्या वेळी याल?"

"बारा दिवस येईन," नऊवाजे म्हणाले. "शब्द."

तेव्हा दोन लेटमार्क पदरात पडल्यावर ते जिन्याखाली गेले आणि लेकीची कॉलेजातली सायकल त्यांनी बाहेर ओढली. जांभळी. पुढे टोपली. टोपलीवर प्लास्टिकचं एक फूल, जे स्क्रू गंजल्यामुळे जन्मात निघणार नव्हतं.

"ही चालवत जाणार? ह्या वयात? ह्या थंडीत?" बायकोने विचारलं.

तिन्ही प्रश्नांना मिळून नऊवाज्यांनी एकच उत्तर दिलं, "सात किलोमीटर तर आहे."

सात किलोमीटर उन्हाळ्यात सातच असतात. थंडीत एकेक किलोमीटर स्वतंत्र वसुली करतो: पहिला नाकाकडून, दुसरा कानांकडून, तिसरा गुडघ्यांकडून, आणि चौथ्यापर्यंत माणसाकडे देण्यासारखं काही राहत नाही. पण हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं होतं. त्या संध्याकाळी फक्त इमारतीला कळलं.

वरच्या मजल्यावरचे पाराकाका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. गॅलरीत त्यांचा स्वतःचा थर्मामीटर टांगलेला असे, आणि रोज पहाटे ते खाली वाकून तापमान असं जाहीर करत की जणू काही ते त्यांनी रात्रभर जागून घरी बनवलंय.

"उद्या चार असणार," पाराकाका वरून म्हणाले. "वर्तमानपत्र घाला."

"वाचतो की रोज."

"वाचू नका हो, घाला. छातीवर, स्वेटरच्या आत. वारा अडतो. रविवारची पुरवणी उत्तम."

"छातीचं काय घेऊन बसलात!" तळमजल्यावरच्या काकू दारात येऊन म्हणाल्या. "थंडी कानातून शिरते."

"कानातून नाही, तळव्यातून," काकूंचे यजमान आतून ओरडले.

"तुम्ही उठून बाहेर या आणि मग बोला."

"बाहेर थंडी आहे!"

माणसाच्या शरीराला इतकी दारं असतात आणि एकालाही कडी नसते, हे नऊवाज्यांना छप्पन्नाव्या वर्षी समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठ वाजता बनियन, त्यावर दुसरं बनियन, त्यावर रविवारची पुरवणी पुढून आणि छोट्या जाहिराती पाठीमागून, त्यावर शर्ट, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, कोट, बायकोची शाल, लोकरीची टोपी, टोपीवर मफलर, मफलरवर पुन्हा बायकोचा आग्रह आणि हातात लोकरीचे मोजे घालून नऊवाजे सायकलपाशी आले आणि त्यांचा पाय वर उचलला जाईना. काकूंच्या यजमानांनी (आले बाहेर शेवटी) त्यांना कपाट उचलतात तसं उचलून सीटवर ठेवलं. सीटवर दव गोठलं होतं. पहिला उद्गार तिथे निघाला. तो इथे देत नाही.

"चार नाही हो, तीन!" वरून आवाज आला.

चौकात डोळ्यांना वारा लागून घळाघळा पाणी वाहू लागलं. हात सोडता येत नव्हते, म्हणून पुसताही येत नव्हतं. सिग्नलला वाहतूक हवालदाराने पाहिलं : पन्नाशी उलटलेला इसम, अंगावर बायकांची शाल, खाली जांभळी सायकल, गालांवर अश्रू. तो जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"सूनबाई त्रास देतात का?"

"मला सून नाही हो!" हिरवा दिवा लागला. "वारा आहे!"

"असं दुःख आत ठेवू नये," हवालदार मागून म्हणाला, आणि त्याने नऊवाज्यांसाठी उजवीकडची वाहतूक थांबवली. मयतासाठी थांबवतात तशी.

आणि तरीही नऊवाजे ऑफिसच्या फाटकात पोचले तेव्हा आठ वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती. नऊ मिनिटं हातात. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतली ही सगळ्यात देखणी नऊ मिनिटं होती. त्यांनी दाताने हातमोजा ओढला, फाटकाच्या खांबावरच्या हजेरीच्या यंत्रावर ऐटीत अंगठा ठेवला, आणि

ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.

आत गेले, असं म्हणायचं होतं. पुन्हा ठेवला. यंत्रातून एक बाई बोलायची. आवाज गोड, पण पोलिसांच्या

ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.

घरात वाढल्यासारखा.

"अंगठा गार पडलाय, साहेब," वॉचमन म्हणाला. त्याच्यापुढे शेगडी नव्हती. शेगडी पेटवायची परवानगी मागणारा त्याचा अर्ज तीन हिवाळे वर पडून होता. "चोळा."

नऊवाज्यांनी चोळला. फुंकला. काखेत धरला, पण काखेपर्यंत पोचायला सात थर होते. आठ अठ्ठावन्न. मागे रांग लागली. "अहो नऊवाजे, लवकर, नऊ वाजले," असं टंकलेखक म्हणाला, आणि त्या वाक्यावर पन्नास माणसं हसली. नऊ वाजून चार मिनिटांनी यंत्रातल्या बाईंना कुठूनशी दया आली.

तिसरा लेटमार्क. रजा अकरा.

त्याच दिवशी साहेबांच्या खोलीत मासिक बैठक होती. नऊवाजे श्वास घेत, तेव्हा पुरवणी वाजे. श्वास सोडत, तेव्हा छोट्या जाहिराती वाजत.

"कोण पेपर वाचतंय?" साहेब म्हणाले.

नऊवाज्यांनी श्वास रोखला. साहेब आकडे सांगू लागले. चाळीस सेकंदांनी नऊवाज्यांचा दम संपला आणि एवढा मोठा फडफडाट झाला की साहेबांनी चष्मा काढला. "ज्यांना बैठकीपेक्षा बातम्या महत्त्वाच्या वाटतात त्यांनी बाहेर जावं." नऊवाजे उठले आणि वाजत वाजत बाहेर गेले.

बसने जावं, तर धुकं. सायकलने जावं, तर अंगठा. नऊवाज्यांनी बराच विचार केला आणि दोन्हीपेक्षा वाईट मार्ग निवडला. त्यांनी अर्ज केला.

*विषय : अंगठ्याऐवजी तर्जनी लावू देण्याबाबत.*

*महोदया, मी रोज वेळेवर येतो. माझा अंगठा मागाहून येतो. सबब, हातमोज्यात सर्वांत कमी गारठणारे बोट म्हणून उजव्या हाताची तर्जनी नोंदवून घ्यावी ही विनंती.*

*शेरा : अर्जदाराने अर्जाची खातरजमा यंत्रावर अंगठा लावून करावी.*

आस्थापना शाखेतल्या बाई टेबलाखाली हीटर ठेवून बसत. त्यांचं वरचं अर्धं अंग शासनाचं होतं आणि खालचं उन्हाळ्यात होतं.

"बाई, अंगठा लागत असता तर अर्ज कशाला केला असता?"

"ते मी कसं सांगू? अर्ज तुमचा आहे."

"बरं, एक करू द्या. मी आल्यावर दोन मिनिटं अंगठा तुमच्या हीटरवर धरतो, मग फाटकाशी जाऊन लावतो."

"हा हीटर आस्थापनेचा आहे. तुम्ही अभिलेखचे."

"ऊबसुद्धा शाखेनुसार असते?"

"मग? उद्या लेखा शाखा येऊन बसेल इथे."

"निदान यंत्र तरी आत आणा. भिंतीला लावा. इथे बघा किती छान गरम आहे."

"यंत्र आत आणलं तर बाहेरची माणसं आत येण्याआधीच आत येतील, नऊवाजे. जरा विचार करून बोलत जा."

नऊवाज्यांनी खरोखर विचार केला. अजून करताहेत.

मग सल्ले. टंकलेखकाने सांगितलं, अंगठ्याला तेल लावा. यंत्र म्हणालं, काच पुसा. बायकोने टोपलीत गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. खड्ड्यात ती फुटली, आणि गरम पाणी विजारीवर सांडून पाचव्या किलोमीटरपर्यंत गार झालं. हवालदाराने ती विजार पाहिली आणि तोंड दुसरीकडे वळवलं; आता तो काही विचारतही नसे. पाराकाकांचा उपाय वैज्ञानिक होता : "शरीरात सदतीस अंश कुठे मिळतात? तोंडात! अंगठा तोंडात धरून या."

"काका, छप्पन्न वर्षांचा आहे मी."

"तोंडाला वय नसतं."

म्हणून एका सकाळी, बाहेर दोन अंश असताना, अभिलेख शाखेचे प्रमुख उजवा अंगठा तोंडात घालून, डाव्या हाताने जांभळी सायकल ढकलत फाटकातून आत शिरले. बरोब्बर त्याच क्षणी साहेब वरिष्ठ कार्यालयातल्या तीन पाहुण्यांना उतरवून घेत होते.

"आणि हे आमचे सर्वांत अनुभवी कर्मचारी," साहेब म्हणाले. ते वाक्य त्यांनी आधी सुरू केलं होतं आणि मग मान वळवली होती.

नऊवाज्यांना नमस्कार करायचा होता. एक हात सायकलला, एक तोंडाला. त्यांनी मान लववली. यंत्रातल्या बाई म्हणाल्या, अंगठा ओला आहे. कोरडा करून पुन्हा प्रयत्न करा. ही गोष्ट पाहुण्यांनीही ऐकली.

रजा दहा.

शेवटी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अंगठा भिंगाखाली धरला, दिव्याखाली धरला, मग नऊवाज्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"काम काय करता?"

"पानं उलटतो. जुन्या फायलींची."

"किती वर्षं?"

"अठ्ठावीस."

"झिजल्या की हो सगळ्या रेषा. ज्या उरल्या होत्या त्या थंडीने ताणून सपाट केल्या."

"परत येतील?"

"उन्हाळ्यात थोड्या येतील. निवृत्त झालात की सगळ्या."

डॉक्टर भला माणूस. त्याने स्वच्छ अक्षरात दाखला लिहून दिला : ह्या गृहस्थांच्या उजव्या अंगठ्यावर सध्या रेषा नाहीत. नऊवाज्यांनी तो छातीवर, पुरवणीच्या आत, जिवापाड जपून आणला. आयुष्यात काही चुका माणूस घाईने करतो. ही त्यांनी वेळेवर केली.

आस्थापनाबाईंनी दाखला दोनदा वाचला. पहिल्यांदाच त्यांनी हीटर बंद केला.

"नोंदीतल्या अंगठ्याला रेषा आहेत."

"होत्या."

"दाखल्यातल्या अंगठ्याला नाहीत. म्हणजे नोंदीतला अंगठा तुमचा नाही, किंवा तुमचा अंगठा नोंदीतला नाही."

"दोन्ही एकच झालं ना?"

"दोन्हींचे फॉर्म वेगळे आहेत."

"बाई, तुम्ही मला एकोणीस वर्षं ओळखता! तुमच्या बदलीची फाइल मी शोधून दिली होती!"

"मी ओळखते हो," बाई म्हणाल्या, आणि खरंच त्यांचा आवाज मऊ झाला. "पण मी काय यंत्र आहे?"

चार दिवसांनी आदेश निघाला. 'सदर इसमाची ओळख निश्चित होईपर्यंत नोंदीतील कर्मचाऱ्यास अनुपस्थित समजावे व ते दिवस शिल्लक रजेतून वळते करावेत. सदर इसमाने चौकशीसाठी रोज कार्यालयीन वेळेत उपलब्ध राहावे.' नियमाप्रमाणे आदेशाची एक प्रत अभिलेख शाखेकडे जतन करायला आली. नऊवाज्यांनी ती वाचली, तिच्यावर क्रमांक घातला, नवी फाइल केली, फीत बांधली आणि फळीवर ठेवली. 'सदर इसम' हा शब्द त्यांच्या मनाला लागला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी असे हजारो सदर इसम फळ्यांवर चढवले होते आणि एकाच्याही घरी लेक असेल असा विचार केला नव्हता.

त्यानंतर रोज ते तीन अंशांत, दोन अंशांत, एकदा तर ("शून्य! पूर्ण शून्य! अभिनंदन!") सायकल मारत अनुपस्थित राहायला यायचे. दिवसभर अनुपस्थितीत फायली काढून द्यायचे, साडेपाचला अनुपस्थितच परत जायचे. रजा नऊ. रजा सात. बायको आधीच लेकीकडे गेली होती. घरात मफलरचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. रजा चार. लेकीचा फोन आला, "बाबा, बारा दिवसांची बॅग भरलीत का?" नऊवाजे म्हणाले, "भरतोय." बॅग पलंगावर उघडी पडली होती आणि रोज ते तिच्यातून एक शर्ट काढून परत कपाटात ठेवत होते.

रजा एक.

आणि मग ज्या गुरुवारी ती एकही नव्हती, त्या दिवशी सकाळी आठ पंचावन्नला, अंगठा नेहमीप्रमाणे नापास झाल्यावर, खिशातला फोन वाजला.

"अहो, तिला कळा सुरू झाल्यात," बायको म्हणाली. "लवकर आहे, पण डॉक्टर म्हणतात आजच. सारखी विचारतेय, बाबा निघाले का. निघालात का?"

नऊवाजे तीन मजले चढून साहेबांपुढे उभे राहिले. धाप लागली होती आणि कागद वाजत होते. साहेबांना आता त्याची सवय झाली होती.

"साहेब, रजा हवी. लेक अडली आहे."

साहेबांनी नोंद पाहिली. "शिल्लक शून्य."

"हो."

"मग कशी देऊ?"

"माहीत नाही, साहेब."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवलं. "एक मिनिट. तुम्ही सध्या अनुपस्थित आहात ना?"

"आदेशानुसार."

"मग अनुपस्थित माणसाला रजा कशाला लागते? जा की तुम्ही. मी तुम्हाला पाहिलंच नाही. कागदावर तुम्ही इथे नाहीच."

"पण चौकशीसाठी उपलब्ध—"

"चौकशी अधिकारी स्वतः रजेवर आहेत. महिनाभर. त्यांच्या मुलीचं बाळंतपण आहे."

नऊवाज्यांनी हे ऐकलं, आणि ते "अभिनंदन कळवा" म्हणाले.

मग ते धावले. तीन मजले, सात थर, दोन वर्तमानपत्रं. फाटकाशी पोचेपर्यंत टोपीतून घाम गळत होता, कान तापले होते, हाताची बोटं भाजल्यासारखी लाल झाली होती. आणि फाटकातून जाताना खांबापाशी थांबायचं, ही त्या हाताची अठ्ठावीस वर्षांची सवय. आधी त्या खांबावर सहीचं रजिस्टर होतं, आता यंत्र. हात आपला आपण वर गेला. त्यांना कळायच्या आत

धन्यवाद. आपण उपस्थित आहात. वेळ नऊ सत्तावीस.

"साहेब!" वॉचमनने टाळ्या वाजवल्या. "लागला! पहिल्या झटक्यात लागला! मिटली ना चौकशी! चला, आत चला!"

नऊवाजे जागच्या जागी थिजले. "मला बाहेर जायचंय."

"आता?" वॉचमनचा चेहरा पडला. "आता कसे जाल? पाच मिनिटांपूर्वी गेला असतात तर तुम्ही नव्हतातच. आता आहात. आता गेटपास लागेल. साहेबांची सही."

"शिल्लक रजा शून्य आहे. ते सही करणार नाहीत."

"मग तर कामावरून पळाल्यासारखं होईल हो. ते लेटमार्कापेक्षा वाईट."

खरं सांगायचं तर नऊवाज्यांचा एक पाय आतच वळला होता. महिनाभर ज्या एका वाक्यासाठी त्यांनी अंगठा चोळला, चोखला, डॉक्टरला दाखवला, ते वाक्य अखेर त्यांना मिळालं होतं. खाली तळघरात त्यांची खुर्ची होती. त्यांची, सदर इसमाची नाही. आत जाऊन नऊवाजे म्हणून बसावं, एवढंच वाटत होतं. खिशात फोन पुन्हा वाजू लागला. त्यांनी तो काढून पाहिला, उचलला नाही. मग सायकल वळवली.

वॉचमन खांबाकडे वळला. "मी तुम्हाला आत जाताना पाहिलं," तो खांबाला म्हणाला. "बाहेर येताना काही पाहिलं नाही."

लेकीच्या गावची बस धुक्यामुळे दोन तास उशिरा सुटली. आता लेटमार्क लागत नव्हता, म्हणून तिला घाई नव्हती.

दवाखान्याच्या खोलीत नऊवाजे शिरले तेव्हा नात जन्मून पावणेदोन तास झाले होते. बायकोच्या मांडीवर एक गाठोडं होतं, त्यातून नाकाएवढं नाक दिसत होतं. नऊवाज्यांनी हात पुढे केले.

"तिकडे! आधी हात गरम करा," बायको म्हणाली. "बर्फ झालेत नुसते. पोरगी दचकेल."

ते खाटेच्या कडेला स्टुलावर बसले आणि दोन्ही हात काखेत धरून वाट बघू लागले. अंगातली पुरवणी हळूच वाजली. लेकीने डोळे उघडले. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, जणू कामाच्या वारी हा माणूस दिवसाउजेडी कसा दिसतो ते तिला पाहायचं होतं.

"आलात?" ती म्हणाली. "मिळाली रजा?"

"नाही."

"मग?"

नऊवाज्यांनी मनातल्या मनात आदेश, नोंद, फाटक, सगळं एकदा तपासून पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुणाला खोटी माहिती दिली नव्हती.

"मी आत्ता ऑफिसात आहे," ते म्हणाले.

लेक फस्सकन हसली आणि लगेच तिने पोट धरलं. "बाबा, प्लीज. हसवू नका. टाके ओढतात."

नऊवाज्यांनी हात पुन्हा काखेत घट्ट दाबले. त्यांनी हसवलेलं नव्हतं.